खुली सभा आणि मुका श्रोता

सभेत कोण बोलतो आणि कोण ऐकतो यावरून त्या समाजातील सत्तेची मांडणी कळते. व्यासपीठ चार फूट उंच करतात ते वक्ता दिसावा म्हणून, असे सांगितले जाते. परंतु ज्ञान कोणाकडे आणि अज्ञान कोणाकडे याचा निवाडा त्या चार फुटांत आधीच झालेला असतो. आपल्या पिढ्यानुपिढ्या त्या चार फुटांच्या खाली, आणि बहुतेक वेळा मांडवाच्याही बाहेर गेल्या. म्हणून व्यासपीठच नको, सभा श्रोत्यांनी चालवावी, असा विचार जगात कोठेही निघाला तरी आपण त्याच्याकडे आस्थेने पाहिले पाहिजे. आणि आस्थेने पाहायचे म्हणजे तो कसोटीला लावला पाहिजे. अमेरिकेतील पॉडकास्टरांच्या मेळाव्यांतून गेली वीसहून अधिक वर्षे असा प्रयोग चालला आहे. आपले तरुणही आता मोबाइल हाती घेऊन स्वतःच्या आवाजात बोलू लागले आहेत आणि त्यांच्या मेळाव्यांतून ‘खुले सत्र’ हा शब्द कानी येतो. तेव्हा हे उसने घ्यायचे की नाही, आणि घ्यायचे तर काय टाकून घ्यायचे, हे ठरवण्याची वेळ आली आहे.

१

पॉडकास्ट म्हणजे कोणाच्याही परवानगीवाचून केलेले नभोवाणीकेंद्र. डेव्ह वायनर याने २००० च्या अखेरीस आर.एस.एस. या वार्तावितरणाच्या पद्धतीत ध्वनिफीत जोडण्याची सोय केली. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द बेन हॅमर्सली या पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’मध्ये वापरला. केंद्रसंचालक नाही, आवाजाची चाचणी नाही, उच्चार तपासणारा अधिकारी नाही. आकाशवाणीच्या दारात ज्यांचा ‘ण’ अडला त्यांना या साधनाचे मोल वेगळे सांगायला नको.

याच वायनरने सभेच्या रचनेलाही हात घातला. २००३ मध्ये हार्वर्ड येथे सुरू झालेल्या ‘ब्लॉगरकॉन’ या मेळाव्यातून पुढे त्याने व्याख्याते आणि श्रोते हा भेदच काढून टाकला. दालनात बसलेल्या सर्वांचे मिळून असलेले ज्ञान व्यासपीठावरच्या चौघांच्या ज्ञानाहून अधिक असते, हे त्याचे सूत्र. चर्चा हाकण्यासाठी एकच माणूस उभा राही आणि तो ध्वनिक्षेपक घेऊन लोकांत फिरे. नोव्हेंबर २००४ मध्ये स्टॅनफर्ड येथे अशाच पद्धतीने पॉडकास्टिंगवर चर्चा झाली. ती अ‍ॅडम करी याने चालवली. पुढे सप्टेंबर २००६ मध्ये ख्रिस ब्रोगन आणि ख्रिस्टोफर पेन यांनी बोस्टन येथे ‘पॉडकॅम्प’ भरवला. त्याआधी एका वर्षापूर्वी, ऑगस्ट २००५ मध्ये, पालो आल्टो येथे ‘बारकॅम्प’ झाला होता. एका प्रकाशकाच्या केवळ निमंत्रितांसाठी असलेल्या ‘फू कॅम्प’ला दिलेले ते उत्तर होते. पॉडकॅम्पने त्याचेच रूप घेतले.

पद्धत साधी आहे. सकाळी भिंतीवर कोरा तक्ता असतो. आडवे खोल्यांचे रकाने, उभे तासांचे. ज्याला विषय मांडायचा तो कागदावर लिहून रकान्यात चिकटवतो. आलेल्यांपैकी ज्याला जिथे जावेसे वाटेल तिथे तो जातो, कंटाळला तर उठून दुसऱ्या खोलीत जातो. अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, हारतुरे नाहीत.

पॉडकास्टरांच्या बाबतीत या पद्धतीला विशेष अर्थ आहे. पॉडकास्टर हा एकटा बोलणारा प्राणी. समोर ध्वनिक्षेपक असतो, माणूस नसतो. ऐकणारा त्याला दिसतो तो आकड्याच्या रूपाने. किती जणांनी भाग उतरवून घेतला, कितव्या मिनिटाला सोडला. अशा माणसाला वर्षातून एकदा खुर्चीत बसवून ‘आज तू ऐक, आणि शेजाऱ्याशी बोल’ असे सांगणे ही चांगली शिकवण आहे. नवख्याला इथे जे मिळते ते व्याख्यानात मिळत नाही. आवाज घुमतो तेव्हा काय करावे, पाहुणा आयत्या वेळी फिरकला नाही तर काय, जाहिरातदाराने अट घातली तर कुठपर्यंत वाकावे, हे ज्ञान हात पोळलेल्या माणसाकडेच असते, आणि हात पोळलेला माणूस बहुधा मागच्या रांगेत बसतो.

पॉडकॅम्पच्या मूळ नियमांतील दोन मला फार मोलाचे वाटतात. एक, आलेल्या सर्वांना समान वागणूक. दुसरा, जमाखर्च उघड्या खातेवहीत मांडणे. आपल्याकडील किती संमेलनांची खातेवही श्रोत्यांनी पाहिली आहे, हा प्रश्न वाचकांनी स्वतःलाच विचारावा. इतके श्रेय या प्रयोगाला दिल्याशिवाय पुढची टीका करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२

आता या पद्धतीच्या मुळाशी असलेले तत्त्वज्ञान पाहू. हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थाने १९८० च्या दशकात ‘ओपन स्पेस’ नावाची सभापद्धती मांडली. १९८३ मध्ये त्याने मोठ्या कष्टाने एक परिषद भरवली आणि लोकांना तीतले सर्वांत काय आवडले, तर चहाकॉफीची सुट्टी! मग सगळी परिषदच त्या सुट्टीसारखी का करू नये, असा विचार करून १९८५ मध्ये त्याने ती करून दाखवली. वर्तुळात बसण्याची कल्पना त्याला कोठून मिळाली हेही त्यानेच सांगितले आहे. पश्चिम आफ्रिकेत, लायबेरियातील बालामा या लहानशा खेड्यात, त्याने एक विधी पाहिला होता. गावची शेकडो माणसे चार दिवस एकत्र येतात, कार्यक्रम ठरवणारी समिती कुठे दिसत नाही, तरी सारे पार पडते. त्या गावाच्या वर्तुळाची अमेरिकन हॉटेलात ‘टेक्नॉलॉजी’ झाली. खेड्याचे ते शहाणपण आणि शहराचे ते तंत्र, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. लावणी, पोवाडा, डफ, हलगी यांचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

ओवेनची चार तत्त्वे आहेत. जे आले तेच योग्य लोक. जे घडले त्याहून वेगळे काही घडूच शकत नव्हते. जेव्हा सुरू झाले तीच योग्य वेळ. संपले की संपले. सभाचालकाने गर्दीची आणि घड्याळाची चिंता करू नये, एवढाच त्यांचा हेतू असेल. भाषा मात्र हेतूपेक्षा लांब जाते. ‘जे आले तेच योग्य’ असे एकदा मानले की जे आले नाहीत त्यांचा विचार करण्याची जबाबदारी संपते. ते का आले नाहीत? तिकिटाला पैसे नव्हते, रजा मिळाली नाही, मूल सांभाळायला कोणी नव्हते, की निरोपच पोचला नाही? तत्त्वानुसार हे प्रश्नच उद्भवत नाहीत. आणि ‘जे घडले तेच घडू शकत होते’ हे वाक्य तर आपल्याला इंग्रजीतून शिकण्याची गरजच नव्हती. ते आपल्याला संस्कृतातून हजारो वर्षे ऐकवले गेले आहे. त्याचे नाव प्रारब्ध. कर्मसिद्धान्ताने माणसाला सांगितले की तुझी आजची स्थिती ही झालीच पाहिजे अशी होती. हा कॉफीचा कर्मसिद्धान्त सभेला तेच सांगतो. सभेत एक माणूस तासभर बोलला आणि चाळीस गप्प राहिले, तर तेही जे घडायचे तेच घडले!

या चार तत्त्वांवर एक नियम आहे, दोन पायांचा. जिथे तुम्ही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जा. पॉडकॅम्पनेही हा नियम आपल्या नियमांत घेतला. वरवर पाहता याइतके स्वातंत्र्य दुसरे नाही. पण पाय ही गोष्ट आपल्या इतिहासात कधीच निरुपद्रवी नव्हती. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याकडे चालत गेलेले पाय आणि १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दारापर्यंत गेलेले पाय आठवावेत. पाय त्यांनाही दोनच होते. पुढची वाट दुसऱ्याच्या हाती होती. ज्याला प्रत्येक खोली उघडी असते त्यालाच पायांचा नियम सुचतो. ज्याचे पायच चालत नाहीत त्याचे काय, हा प्रश्न अमेरिकेतच उठला आणि काही ठिकाणी नियमाचे नाव बदलून ‘हालचालीचा नियम’ असे केले गेले. नाव बदलले, गृहीतक तेच राहिले. खोलीत बसलेल्या कंपनीच्या माणसाकडून पुढच्या वर्षाचे काम मिळवायचे असेल तर कोणता होतकरू पॉडकास्टर त्याच्या तोंडावर उठून जाईल? उठून जाण्याची किंमत प्रत्येकाला सारखी नसते. ती ज्याला परवडते त्याचेच पाय मोकळे.

३

खुल्या सभेतील या छुप्या श्रेणीविषयी अमेरिकेतच फार पूर्वी एका स्त्रीने लिहून ठेवले आहे. जो फ्रीमन हिने तरुणपणी दक्षिणेतील नागरी हक्कांच्या चळवळीत काम केले होते. नंतर स्त्रीमुक्तीच्या गटांत वावरताना तिने पाहिले की ‘आमच्यात नेता नाही, रचना नाही’ असे म्हणणाऱ्या गटांतही सत्ता असतेच. ती मैत्रीच्या, वर्गाच्या, एकाच कॉलेजात शिकल्याच्या धाग्यांनी विणलेली असते, आणि कोणी निवडलेली नसल्याने तिला कोणी हटवूही शकत नाही. हा विचार तिने १९७० मध्ये भाषणातून मांडला आणि १९७२ मध्ये तो निबंधरूपाने छापून आला. पॉडकॅम्पच्या चौतीस वर्षे आधी! संगणकवाल्यांच्या या नव्या जगाने तो वाचला असता तर पुष्कळ भ्रम टळले असते.

पॉडकास्टरांच्या खोलीत ही अडचण दुप्पट होते. इथे प्रत्येकजण बोलण्याचा धंदा करणारा. ज्याचे श्रोते लाखांत, त्याच्या तोंडाकडे खोली आपोआप वळते. व्यासपीठ काढून टाकले तरी तो आपले व्यासपीठ खिशात घेऊन आलेला असतो. आणि मुळात पॉडकास्टर कोण होतो हेही पाहिले पाहिजे. ध्वनिक्षेपक आता स्वस्त झाला. शांतता झालेली नाही. दार लावून घेता येईल अशी एक खोली, शेजारी भांड्यांचा आवाज नाही, नळाची रांग नाही, वरच्या मजल्यावर कोणी मसाला कुटत नाही, अशी अर्ध्या तासाची शांतता ही आजही मालमत्ता आहे. माझ्या वर्गातील एका मुलाने आपल्या आजोबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या त्या रात्री दीड वाजता, गोधडी डोक्यावर घेऊन. तरीही त्यात लोकलचा आवाज आहेच. ‘जे आले तेच योग्य लोक’ म्हणणाऱ्यांनी हा दीड वाजताचा मुलगा हिशेबात धरलेला नाही.

२०१४ मध्ये डॅलस येथे ‘पॉडकास्ट मूव्हमेंट’ हा मेळावा लोकवर्गणीच्या पैशावर सुरू झाला आणि पाहता पाहता तो उद्योगाचा मेळावा बनला. अशा मेळाव्यांचे तिकीट शेकडो डॉलर. प्रवास आणि हॉटेल वेगळे. मुख्य दालन कंपन्यांचे आणि नामवंतांचे असते, श्रोत्यांनी चालवायची चर्चा असेल तर ती बाजूच्या खोलीत. म्हणजे व्यासपीठ मोडायला निघालेली कल्पना व्यासपीठाच्या शेजारी तोंडी लावायला ठेवलेली. पुरस्कर्त्याला तिचा उपद्रव नाही. उलट ग्राहकाच्या मनात काय आहे ते फुकट कळते.

मग ज्यांना या खोल्यांत आपला आवाज सापडला नाही त्यांनी काय केले? २०१८ मध्ये तालिब जसीर याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कृष्णवर्णी पॉडकास्टरांसाठी ‘अफ्रोज अँड ऑडिओ’ हा स्वतंत्र मेळावा उभा केला. आपल्या वाचकाला यामागचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण धाडले तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. माणसाचे हक्क जे खुलेपणाने सर्वांना देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, हे त्याचे सार. १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णाभाऊ साठ्यांनी त्याचे उद्घाटन केले, ते याच नकाराचे पुढले पाऊल. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी ‘ब्लॅक पँथर’वरून स्वतःचे नाव घेतले, तेव्हापासून या दोन वाटा एकमेकींना ओळखतात. उठून जाण्याचा खरा अर्थ फुल्यांनी दाखवला. एका खोलीतून शेजारच्या खोलीत जाणे वेगळे आणि सभेचे मालकच नाकारून आपला मांडव उभा करणे वेगळे. दुसऱ्याला पाय पुरत नाहीत, पाठीचा कणा लागतो.

४

पण मांडव आपला झाला म्हणून सभा आपोआप समतेची होते काय? नाही. आपल्या मेळाव्यांतही तेच पाचसहाजण बोलतात. खुल्या चर्चेत प्राध्यापक बोलतात, अधिकारी बोलतात, शहरातले बोलतात. पुरुष बोलतात आणि बायका सतरंजीवर बसून ऐकतात. एकेका जातीचे मौन तर आणखी वेगळे. तेव्हा टीकेचे हे हत्यार आपल्यावरही चालवले पाहिजे.

यावर उपाय रचना टाकून देण्यात नाही. दुबळ्याला आधार असतो तो नियमाचाच, कारण सवयीने बोलणाऱ्याला नियमाची गरज नसते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात भिक्षुसंघाच्या सभाशास्त्राचा दाखला दिला तो वाचकांनी पुन्हा काढून वाचावा. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान या सर्वांचे नियम संघाला ठाऊक होते आणि ते पाळले जात, हे त्यांनी तेथे सांगितले. राज्यघटना देशाच्या स्वाधीन करताना या माणसाला भिक्षूंच्या बैठकीचे नियम आठवावेत, यात मोठा अर्थ आहे.

विनयपिटकातील ही पद्धत पाहण्यासारखी आहे. महत्त्वाच्या कामात आधी प्रस्ताव ऐकवायचा. त्याला ज्ञप्ती म्हणतात. मग तो एकदा नव्हे, तीन वेळा संघापुढे ठेवायचा. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. तीनदा विचारून झाल्यावरच मौनाला संमती समजायचे. मतभेद उरला तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घ्यायचे. काड्या वाटणारा माणूस संघाने नेमलेला, आणि मत उघडपणे, गुप्तपणे किंवा कानात सांगून घेण्याच्या रीती ठरलेल्या. आता दोन सभा शेजारी ठेवून पाहा. संघाची सभा गप्प माणसाला तीनदा विचारते. ओपन स्पेसची सभा त्याला एकदाही विचारत नाही. तो गप्प राहिला तर तेच घडायचे होते, आणि नको वाटत असेल तर त्याला पाय आहेत!

या संघात उपाली होता. जातीने न्हावी. शाक्य राजपुत्रांबरोबर तो प्रव्रज्येला आला तेव्हा त्यांनीच विनंती केली की याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. संघात ज्येष्ठता जन्मावर नव्हती, दीक्षेच्या क्रमावर होती. बुद्धाच्या निर्वाणानंतर पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो याच उपालीने. सभेचे नियम सर्वांत चांगले ठाऊक असलेला माणूस न्हावी होता, याहून मोठा सभाशास्त्राचा धडा मला ठाऊक नाही. भिक्षुणींच्या वाट्याला त्याच विनयात दुय्यम स्थान आले हेही सांगितले पाहिजे. नियम हा आधार आहे तसा बेडीही होतो, म्हणून तो करणाऱ्यांत आपण असले पाहिजे.

माझा वर्गातला अनुभव याच दिशेचा आहे. तास संपताना ‘कोणाला काही विचारायचे आहे?’ असे म्हटले की साठांतून दोन हात वर जातात, आणि ते दोन हात वर्षभर तेच असतात. कागदाचे तुकडे वाटून नाव न घालता प्रश्न लिहायला सांगितले तेव्हा चाळीसवर प्रश्न आले. त्यांत एक असा होता की त्याचे उत्तर द्यायला मला पुढचा सबंध तास घ्यावा लागला. मागल्या बाकावर प्रश्न नसतात असे नाही. तो विचारण्याची सुरक्षित रीत नसते. कागदाचा तो तुकडा म्हणजे शलाकाच.

म्हणून पॉडकास्टरांच्या, लेखकांच्या, कार्यकर्त्यांच्या ज्या सभा आपण यापुढे घेऊ, त्यांत कोरा तक्ता जरूर असावा, उघडी खातेवही तर हवीच. पण विषय चिठ्ठ्यांतून निघावेत, म्हणजे मोठा आवाज आणि मोठे नाव यांना अग्रहक्क राहणार नाही. पहिल्यांदा आलेल्याने आधी बोलावे आणि एकदा बोललेल्याने सर्वांचे होईपर्यंत थांबावे. चर्चेचे टिपण कोण ठेवणार हे आधी ठरावे, कारण सभेचा इतिहास टिपण ठेवणाऱ्याच्या हाती जातो. येण्याजाण्याचा खर्च ज्याला परवडत नाही त्याची तरतूद हॉलच्या भाड्याआधी व्हावी. आणि चर्चा संपली असे जाहीर करण्यापूर्वी जे बोललेले नाहीत त्यांना तीनदा विचारावे.

अमेरिकेतील त्या खोल्यांनी श्रोत्याला ज्ञानी मानले, हे त्यांचे यश. बोलायला लागणारा निर्भयपणा मात्र प्रत्येकजण घरून घेऊन येतो असे त्यांनी धरून चालले. ज्यांच्या घरी तो पिढ्यानुपिढ्या हिरावून घेतला गेला, त्यांच्यासाठी तो सभेनेच निर्माण करावा लागतो. ते काम करणारी सभा खुली. बाकीच्यांची नुसती दारे उघडी असतात.